सोमवारचं पाणी

देवावर तुझा विश्वास आहे का, असं त्या हिवाळ्यात मला कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. माझी शाळा कॉन्व्हेंटची. सकाळी रांगेत उभं राहून इंग्रजीत प्रार्थना म्हणायची आणि संध्याकाळी घरी पाटावर बसून अथर्वशीर्ष म्हणायचं. दोन्ही तोंडपाठ होतं, आणि दोन्हींचा अर्थ मी कधी कुणाला विचारला नव्हता. प्रश्न विचारायचा मला लहानपणापासून संकोच. ऑस्ट्रेलियात आल्यावर दोन्ही सुटलं, आणि सुटलं हे कळायलाही दोन-तीन वर्षं गेली. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते कुणाला काही पटवून देण्यासाठी नाही. जसं घडलं तसं सांगते.

कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात दोन वर्षं काढल्यावर तिथून दोन तासांवरच्या एका छोट्या गावात मला फार्मसिस्टची नोकरी मिळाली. गावाला एकच मोठा रस्ता. एका टोकाला धान्याचे उंच सायलो, दुसऱ्या टोकाला टेकाडावर अँग्लिकन पंथाचं जुनं दगडी चर्च. हिवाळ्यात सकाळी धुकं असं उतरायचं की दहा-अकरापर्यंत गाव जवळजवळ नसायचंच. आधी सायलोचं टोक दिसायचं, मग चर्चचा क्रूस, मग हळूहळू खालची घरं. आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली ती फेब्रुवारीत. बाबांचं बँकेतलं काम संपायचं होतं, ते एप्रिलमध्ये येणार होते. मार्चमध्ये कोविडमुळे सगळ्या सीमा बंद झाल्या. सुरुवातीला आम्हाला ती गंमतच वाटली. बाबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर स्वतः केलेली पोळी कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "हा बघ, ऑस्ट्रेलियाचा नकाशा. टास्मानिया तव्याला चिकटला."

जुलैमध्ये, इकडे ऐन हिवाळ्यात, बाबांना ताप आला. नवव्या दिवशी ते गेले. आम्ही काढलेलं विमानाचं तिकीट रद्द झालं, दुसरं काढलं, तेही रद्द झालं. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. काका स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होता. पुढचं सगळं त्यानेच केलं आणि अस्थिविसर्जनाचा व्हिडिओ पाठवला. आईने तो पाहिला नाही. ती एवढंच म्हणाली, "शेवटी तोंडात थेंबभर पाणी घालायलाही मी नव्हते." त्यानंतर ती बोलेनाशी झाली. पूजा थांबली. मग जेवणही थांबत गेलं. सकाळी मी ताट झाकून कामाला जायचे आणि संध्याकाळी परत आले की ताट तसंच झाकलेलं असायचं. डॉक्टरांनी फोनवरून गोळ्या लिहून दिल्या. त्या मीच माझ्या काउंटरवरून घरी नेल्या आणि त्यांनी काही झालं नाही. दिवसभर मी अनोळखी माणसांना औषधं समजावून सांगत होते. मी स्वतः एकदाही रडले नव्हते. मला एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, कुणालाही त्रास न देता, बाबांच्या मागे निघाली आहे असं मला रोज दिसत होतं.

एका सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दारात एक कापडी पिशवी होती. तेव्हा सगळं दारातच ठेवलं जायचं. बेल वाजवायची आणि मागे सरायचं. बाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गावाने मदतीची यादी केली होती, तीत मदत करणारी म्हणून मी नाव दिलेलं होतं. पिशवीत सहा-सात छोटी पांढरी कापडं होती, एकावर पुसट तांबूस डाग, आणि चिठ्ठी: "या आठवड्याची पाळी तुझी. नेहमीसारखी काळजी घे. जोन." कुणा आजीबाईंचे रुमाल असतील असं समजून मी ते मशीनमध्ये टाकले, जंतुनाशक घातलं, पाणी कडक गरम लावलं आणि मागच्या दोरीवर वाळत घातले. धुकं अजून उठलं नव्हतं. दोरी दिसत नव्हती, नुसती पांढरी कापडं हवेत थांबल्यासारखी दिसत होती.

मी आत वळले तर खुर्ची रिकामी होती. आई सपाता घालून बाहेर गेली होती, कितीतरी आठवड्यांनी. एका कापडाचं टोक तिने दोन बोटांत धरलं होतं. मी आता पाहिलं, प्रत्येकाच्या मधोमध लाल दोऱ्याने भरलेला लहानसा क्रूस होता.

"हे कुणाचे?" तिने विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"कुणा आजींचे. मदतीच्या यादीतले."

"देवाचे आहेत हे." थोडं थांबून तिने माझ्याकडे पाहिलं. "मशीनमध्ये घातलेस?"

"हो. साठ डिग्रीला."

"आणखी काय होतं मशीनमध्ये?"

मी दोरीकडे पाहिलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझा पायजमा आणि सहा मोजे लटकत होते.

"मोज्यांबरोबर देवाची वस्त्रं! काय शिकवलं गं मी तुला?"

बोलणी खाऊन एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. आणि ती तेवढ्यावर थांबली नाही. ज्यांचे आहेत त्यांची आत्ताच्या आत्ता माफी मागायची म्हणाली. पिशवीवर चर्चचं नाव शिवलेलं होतं. कपडे वाळल्यावर आईने ते स्वतः इस्त्री केले, साडीवर माझं जाड जॅकेट चढवलं, आणि आम्ही टेकाड चढून गेलो.

चर्चला कुलूप होतं. व्हिकर, म्हणजे तिथले पाळक, रविवारी एकटेच कॅमेऱ्यासमोर उपासना करायचे. शेजारच्या हॉलच्या व्हरांड्यात उन्हाला बसलेली एक उंच, वाळकी बाई भेटली. तोंडावर कुकाबुरा पक्ष्यांची चित्रं असलेला मास्क. हीच जोन. ऐंशी ओलांडलेली, गावच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलेली. पिशवी आमच्याकडे कशी आली ते तिने लगेच सोडवलं. आमच्याच इमारतीत एक नंबरच्या युनिटमध्ये तिची मैत्रीण राहायची, पिशवी तिला द्यायची होती. पोचवणाऱ्याने आमच्या अकरा नंबरला ठेवली. मी काय केलं ते मी खाली मान घालून सांगितलं.

"साठ डिग्रीला? मोज्यांबरोबर?" ती इतकी हसली की मास्क नाकावरून घसरला. "अगं, ज्याचा हा क्रूस, त्याला लोकांनी त्याच्या काळात याहून खूप वाईट वागवलं होतं. नो वरीज, डार्ल."

मी आईला मराठीत सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, "मग कसे धुतात ते विचार."

जोन आम्हाला चर्चच्या मागच्या लहान खोलीत घेऊन गेली. भिंतीत एक दगडी कुंड होतं, परातीएवढं. त्याचं भोक गटाराला जोडलेलं नव्हतं. नळी भिंतीतून सरळ बाहेर जमिनीत उतरत होती. रविवारी वाईनचा प्याला ज्या कापडाने पुसतात, त्या कापडाचं पहिलं पाणी या कुंडात, घरी धुतलं तर बागेच्या मातीत, सोडायचं, कारण त्यात आशीर्वाद दिलेल्या वाईनचा अंश असतो. तो मातीलाच मिळाला पाहिजे. त्यानंतर मग मशीन, साठ डिग्री, मोजे, काय हवं ते. आईने कुंडाच्या काठावरून हात फिरवला. "आपण तीर्थ मोरीत ओततो का? तसंच की हे," ती म्हणाली. मला हे माहीत नव्हतं. ती पूजा करत होती तेव्हा तिच्या तांब्यातलं पाणी मी रोज सिंकमध्ये ओतत होते. ते मी त्या वेळी सांगितलं नाही. आज इथे सांगते आहे.

कापडं धुणाऱ्या नऊ बायका होत्या. त्या सगळ्या आता घरात अडकलेल्या, आणि पिशवी जिला जायची होती तिचंही मनगट त्याच आठवड्यात मोडलं. "तुझ्या आईला जमेल का?" जोनने विचारलं.

"ख्रिश्चन नसलेलं चालतं का, विचार," आई म्हणाली.

"हात स्वच्छ असले की झालं. व्हिकरना मी सांगते. ते मला घाबरतात."

असे आमचे सोमवार सुरू झाले. मलाही जोनने सोडलं नाही. तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता. माणसाच्या कडा दिसायच्या, चेहरा दिसायचा नाही. चर्चला दीडशे वर्षं होत आली होती आणि तिने त्याचा इतिहास लिहायला घेतला होता, पण जुन्या नोंदवह्या तिला वाचता येईनाशा झाल्या होत्या. मग दर सोमवारी दुपारी व्हरांड्याच्या एका टोकाला जोन, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन मी, आणि मध्ये उन्हात आई, विरलेल्या कापडांच्या कडा शिवत. मी वाचायचे, जोन काय ठेवायचं ते सांगायची, मी टाइप करायचे.

त्या वह्यांमध्ये दर उपासनेसाठी एक ओळ असायची. वार, हजर माणसं, प्रवचन कुणी केलं, आणि शेवटी शेरा. पहिली उपासना मेंढ्यांची लोकर कापायच्या शेडमध्ये झाली होती, आणि दूरवरून घोड्यावर आलेले बिशप त्या रात्री लोकरीच्या ढिगावर झोपले होते. मग लाकडी फळ्यांचं, झाडाच्या सालीच्या छपराचं चर्च. ते वणव्यात गेलं. मग ओढ्याकाठचा दगड बैलगाड्यांनी वर आणून हे बांधलं. भिंतीतलं कुंड मुळात घोड्यांना पाणी पाजायच्या दगडी द्रोणाचा तुकडा होता. एका दुष्काळाच्या वर्षी लागोपाठ सात रविवारी शेऱ्यात एकच शब्द होता: "धूळ." मी वाचत असताना उन्हं कलायची, धुकं खालून पुन्हा वर यायचं आणि मला वाटायचं की ती सगळी माणसं, लोकर कापणारे, गाडीवाले, टोप्या घातलेल्या बायका, फाटकापाशी उभी राहून आपलं नाव येतं का ते ऐकत आहेत. मी कुणाला हे बोलले नाही. मधूनच आई विचारायची, "काय लिहिलंय?" आणि मी मोडकंतोडकं भाषांतर करून सांगायचे. तिला तो धुळीचा शेरा फार आवडला. "खरं लिहिणारा माणूस होता," ती म्हणाली.

पण ती जेवत नव्हती. दोन घास दहीभात, कधी तेवढाही नाही. सोमवारी तिच्यात थोडा जीव यायचा आणि मंगळवारी परत ती खुर्ची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. आणि एका सोमवारी तर ती अंथरुणातून उठेचना. मी विनवण्या केल्या, चिडले, मग म्हटलं, "निदान जोनला काय सांगू तेवढं सांग." त्यावर ती कशीबशी उठली. टेकाड चढताना तीनदा थांबली.

त्या दिवशी आम्ही पहिल्या महायुद्धानंतरच्या साथीच्या वर्षापर्यंत आलो होतो. चर्च सरकारी हुकमाने बंद. हजर माणसं: एक. म्हणजे व्हिकर स्वतः. पुढच्या रविवारी, एक. पुढे दोन पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती. मी म्हटलं, सोडून देऊ या. जोन म्हणाली, "आळशी मुली, किटलीची वाफ दे." मी पान धरून ओढायला लागले तेव्हा आईने वही माझ्या हातातून घेतली. ती वाफेवर पान धरायची, नखाने जरा सोडवायची, पुन्हा वाफेवर धरायची, लाटलेला पातळ पापड उचलावा तसं. पंधरा मिनिटांनी पान सुटलं.

तिथे रविवारच्या ओळींमध्ये एक सोमवारची ओळ होती. शेऱ्याच्या रकान्यात न मावल्याने समासात उतरलेली. मी ती मोठ्याने वाचली. खोगीर बनवणाऱ्याची बायको, एडा, कापडं धुवायला आली होती. उपासना बंद असल्याने धुण्यासारखं फारसं नव्हतं, तरी आली. तिचा नवरा फ्रान्समध्ये एका इस्पितळात वारला होता. तिने त्याला पाहिलं नव्हतं, त्याचं थडगंही तिला कधी दिसणार नव्हतं. व्हिकरने लिहिलं होतं: "तिने विचारलं, तो आहे ती जमीन या जमिनीला जोडलेली आहे का. मी म्हणालो, समुद्राखालून, आहे. तिने त्याचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं."

त्याखाली पुढच्या कितीतरी सोमवारी गेलेल्या वेगवेगळ्या माणसांची नावं होती, प्रत्येकापुढे कुठल्या तरी दूरच्या देशाचं नाव. मग ती थांबली होती. जोन खुर्चीत पुढे सरकली. तिची आई, तिची आजी, दोघींनी इथली कापडं धुतली होती. तिने हे कधी ऐकलं नव्हतं. "तीन वर्षं मी हे पुस्तक लिहिते आहे," ती म्हणाली, "आणि ही वही माझ्या मांडीवर होती."

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

मी सांगितलं. मला शब्द सापडत नव्हते, मी अडखळत होते. ती म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. समुद्राखालून, आहे.

आईने हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "आज महिन्याची तिथी आहे ह्यांची," ती म्हणाली. मला माहीत नव्हतं. मी तारखा मोजत होते, ती पंचांग. म्हणून ती सकाळी उठत नव्हती.

मग ती आत गेली. आम्ही तिच्या मागे. तिने पितळी वाडग्यात त्या रविवारची दोन कापडं खळबळून घेतली, नीट पिळली, बाजूला ठेवली आणि वाडगं उचलून कुंडापाशी उभी राहिली. उभीच राहिली. जोनने मला हळूच विचारलं, "नाव घ्यायचं असतं ना? ती घेणार आहे का?" जोनला कसं सांगायचं मला कळेना. बत्तीस वर्षांच्या संसारात आईने बाबांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अहो, हे, तुझे बाबा, एवढंच. लग्नामुंजीत उखाण्याचा आग्रह झाला की ती हसत स्वयंपाकघरात पळायची. मला वाटलं, तिच्याऐवजी मी घ्यावं. ते माझंही माणूस आहे. मी तोंड उघडलं. आणि का ते मला आजही सांगता येत नाही, मी ते मिटलं. कुणी खांद्यावर हात ठेवून थांबवावं तसं झालं, एवढंच सांगू शकते. मागे कुणी नव्हतं.

आईने वाडगं कुंडाच्या काठाला टेकवलं.

"अरविंद," आई म्हणाली.

रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेल्या माणसाला गॅलरीतून हाक मारावी, तसं. मग आणखी एकदा, जरा हळू. मग तिने पाणी सोडलं. ते नळीतून उतरताना आम्हाला ऐकू आलं, आणि मग ऐकू येईनासं झालं. रंगीत काचेतून पिवळा उजेड तिच्या रिकाम्या वाडग्यात पडला होता. मी भिंतीला टेकून रडले, पहिल्यांदा, मास्क भिजेपर्यंत. जोनला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी तिने तोंड फिरवून घेतलं.

उतरताना आई थांबली नाही. खाली रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "भूक लागली आहे गं. काही उघडं असेल का?"

बेकरी उघडी होती. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तिने भाज्या भरलेली एक मोठी पेस्ट्री संपवली आणि मग माझ्यातली अर्धी मागून घेतली. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. मी तिच्या बोटांना चिकटलेल्या पापुद्र्यांकडे बघत होते आणि मनातल्या मनात, कुणाला ते ठाऊक नसताना, सारखी एकच गोष्ट म्हणत होते: पावलास, पावलास.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पूजा तिने पुढे किती तरी महिने केली नाही. वाईट मंगळवार येत राहिले. पण ती जेवत होती. सीमा उघडल्यावर ती पुण्याला गेली तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावर होत्या. जोनचं पुस्तक छापून झालं, आणि त्यात एडाचं पान आहे.

पिशवी अकरा नंबरला कुणी ठेवली ते आम्ही कधी शोधलं नाही. ठेवणाऱ्याच्या चष्म्यावर धुकं साचलं असेल. असंच असेल, आणि म्हणून त्याचं मोल मला कमी वाटत नाही. आईला वाचवण्यासाठी मी वेळा ठरवल्या, गोळ्या मोजल्या, ताटं झाकली. ते सगळं करणं माझं कामच होतं, आणि त्यातलं काहीच पुरलं नाही. तिला जे हवं होतं ते माझ्याकडे नव्हतंच. ते शंभर वर्षांपूर्वी एका बाईने मागून ठेवलं होतं. माझ्या वाट्याला फक्त चुकीच्या कपड्यांबरोबर कापडं धुणं आलं, वाचून दाखवणं आलं, आणि एका क्षणी बाजूला होऊन गप्प उभं राहणं आलं. शरण जाणं म्हणतात ते याहून मोठं असेल. मला एवढंच जमलं, आणि ते स्वीकारलं गेलं. याबद्दल मी रोज आभार मानते.